हरभरा : लवकर येणं वेगळं, मर न लागणं वेगळं

अहिल्यानगर : रब्बी आली की बियाण्याच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, "वाण किती दिवसांचा?" जिरायतीत तो चुकीचा नाही. पाऊस गेल्यावर हरभरा जमिनीतल्या ओलीवरच जगतो. ओल संपायच्या आत घाटे भरले नाहीत तर दाणा बारीक पडतो. पण लवकर येणारा वाण मर रोगाला टिकेलच असं नाही. हे दोन गुण वेगवेगळ्या जनुकांवर ठरतात.

हरभऱ्याचं झाड दिवसाची लांबी ओळखतं. दिवस लहान असेल तर फुलायला थांबतं. इक्रिसॅटच्या आयसीसीव्ही 96029 या वाणात हे ओळखणारं 'ईएलएफ3' जनुक बिघडलेलं आहे. त्यामुळे तो वाण थांबत नाही, लवकर फुलतो. असा बिघाड इथे फायद्याचा! मात्र तो आई-बाप दोन्हीकडून यावा लागतो.

मर रोगाची गोष्ट जास्त किचकट. फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. झाड माना टाकतं, खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघ दिसते. हरभरा नसला तरी ही बुरशी मातीत सहा वर्षांपर्यंत टिकते, म्हणून एखाद्या वर्षी पीक बदलून भागत नाही. शिवाय तिचे प्रकार अनेक. एका प्रकाराला टिकणारं झाड दुसऱ्याला बळी पडू शकतं.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'विजय' मर रोगाला टिकतो. 'जेजी 62' एका देठावर दोन घाटे धरतो, पण मर लागली की चटकन जातो. या दोघांच्या संकरातून आलेल्या पिढ्यांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम झालं. बुरशीच्या तीन प्रकारांना तोंड देणारी तीन जनुकं नेमकी कुठे आहेत, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. अशा खुणा हाती असल्या की रोप लहान असतानाच पानावरून निवड करता येते.

पिशवीवरचे दिवसही पाण्यावर बदलतात. विजय जिरायतीत 85 ते 90 दिवसांत निघतो, बागायतीत 105 ते 110 लागतात. म्हणून दिवसांसोबत "मर रोगाला कसा?" हेही विचारावं. मर लागलेल्या रानातलं बियाणं घरी ठेवू नये, बुरशी त्यासोबतही जाते. पेरणीआधी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा.