तसबीर, फोटो आणि पासपोर्ट

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमच्या बीड जिल्ह्यातील एका खेड्यात, माळवदाच्या घराच्या ओसरीवर, एक शहाऐंशी वर्षांच्या आजी पाटावर ताठ बसल्या होत्या. नातीचे बाळंतपण अमेरिकेत व्हायचे होते आणि पणतवंडाला मांडीवर घेण्याची आजींना भारी हौस. पासपोर्ट आधीच हाती आला होता. त्याचा फोटो सरकारी केंद्रातच काढून घेतात. पण अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जाला नवा फोटो घरून पाठवावा लागतो, आणि तोही सहा महिन्यांच्या आतला. नातू हातात मोबाइल घेऊन समोर उभा होता.

"आजी, हसू नको," तो म्हणाला.

"का रे लेकरा? आजवर ज्यानं त्यानं हसा म्हणून जीव घेतला. हसू नको म्हणणारा तूच पहिला!"

ओसरीवर हशा पिकला. पण मला वाटले, आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाने आपल्या चेहऱ्याचे चित्र काढून घ्यायचे आणि त्यात हसायचे नाही, हा दंडक आला कोठून? सरकारला आपला चेहरा हवासा वाटू लागला केव्हापासून? या प्रश्नाच्या पाठीमागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या मराठवाड्यातूनही गेलेला आहे.

फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची कृती जगापुढे आली ती १८३९ साली. पुढच्या पंधरा वर्षांत ही विद्या मुंबईत चांगलीच रुजली. १८५४ साली तेथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामांकित छायाचित्रकार. म्हणजे या कलेशी मराठी माणसाची ओळख आगगाडीइतकीच जुनी आहे.

आपला बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव 'भीर' असे लिहीत. या राज्याला छायाचित्रकार लाभला तो मोठा भाग्याचा. मीरतजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेले, रुडकीला शिकलेले आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेले लाला दीनदयाळ हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना 'राजा' केले आणि 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. आपण मराठीत 'तसबीर' म्हणतो तो शब्द याच अरबी मुळातला. देवघरातील देवाच्या तसबिरीचा आणि हैदराबादच्या दरबारी किताबाचा असा शब्दांतून सोयरसंबंध जुळतो.

दीनदयाळांच्या दुकानाची एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. १८९२ च्या सुमारास त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. तेथे पुरुषाचा शिरकाव नव्हता. स्त्रीचा चेहरा तिच्या मर्जीने, तिच्या माणसांसाठी टिपला जावा, ही त्यामागची भावना. छायाचित्र त्या काळी मानाची वस्तू होती. भरजरी वस्त्रे, बाजूला फुलदाणी, हातात पुस्तक! आपण कसे दिसावे हे काढून घेणारा ठरवी.

पण त्याच काळात कॅमेऱ्याचा दुसरा उपयोगही सुरू झाला होता. १८६८ ते १८७५ या वर्षांत इंग्रज सरकारने 'हिंदुस्थानातील लोक' अशा अर्थाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत जातीजमातींचे नमुने म्हणून माणसांची छायाचित्रे लावलेली आहेत. तिकडे पॅरिसच्या पोलीस खात्यात बर्तियों नावाच्या अधिकाऱ्याने गुन्हेगारांचे फोटो काढण्याची पद्धत बसविली. एक समोरून, एक बाजूने, ठराविक अंतरावरून, ठराविक उजेडात. आज आपण पासपोर्टासाठी ज्या शिस्तीने बसतो ती शिस्त स्टुडिओतून आलेली नाही. ती पोलीस चौकीतून आलेली आहे. आजींना हसू का नको, याचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

तरीही प्रवासाला फोटो लागत नसे. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या त्या काळात पासपोर्टावर चेहरा चिकटविण्याची पद्धतच नव्हती. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात जपान आणि सीरिया येथून आलेल्या दोघी सहाध्यायिनींसह त्यांचा काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. त्यात त्या साडीत बसल्या आहेत. तो फोटो कोणत्याही कचेरीने मागितलेला नव्हता.

मग फोटो सक्तीचा झाला कसा? याला कारण एक हेर. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस या अमेरिकन माणसाच्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये शिरला. पासपोर्ट अस्सल, माणूस नकली! त्यावर फोटोच नव्हता, तेव्हा ओळखणार कोण? लोडी पकडला गेला आणि ६ नोव्हेंबर १९१४ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने आणि १९१५ च्या आरंभी ब्रिटनने पासपोर्टावर फोटो सक्तीचा केला. आरंभी लोक टोपी घातलेले, बागेत बसलेले, घरच्या समूहातून कापून काढलेले, हाती लागतील ते फोटो देत. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टाला बत्तीस पानी पुस्तिकेचे रूप सुचविले. त्याच साली हिंदुस्थानातही पासपोर्टाचा कायदा झाला.

पण चिकटविलेला फोटो उखडताही येतो, हे एका थोर भारतीयाने दाखवून दिले. १९४१ साली नेताजी सुभाषचंद्र बोस काबूलला पोहोचले, तेव्हा तेथील इटालियन वकिलातीने ऑर्लांदो माझ्झोत्ता या नावाच्या पासपोर्टावर त्यांचा फोटो लावून दिला. त्यावर ते मॉस्कोमार्गे एप्रिलमध्ये बर्लिनला गेले. हेराला अडविण्यासाठी आणलेल्या फोटोनेच एका देशभक्ताला वाट करून दिली! पुढे फोटोवर चकचकीत आवरण आले, मग तो कागदातच छापला जाऊ लागला, आणि आता त्याची नोंद पासपोर्टातील चिपमध्येही ठेवतात.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला आणि त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा झाला. आमच्या भागातल्या सामान्य घरांना मात्र पासपोर्टाचे दर्शन फार उशिरा घडले. हजला जाणारे यात्रेकरू वर्षानुवर्षे खास यात्रेकरूंच्या पासावर जात. २००९ पासून त्यांनाही नेहमीचा पासपोर्ट लागू लागला. बाकीच्यांना सरकारपुढे चेहरा न्यावा लागला तो १९९३ साली शेषन यांनी काढलेल्या मतदार ओळखपत्राच्या हुकमानंतर. पुढे २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली गावी आधारचा आरंभ झाला. ऊस तोडायला दरसाल गाव सोडणाऱ्या आमच्या कष्टकऱ्यांच्या गाठोड्यात आता भाकरीबरोबर हा छोटा चेहराही असतो.

आता यंत्राची गोष्ट. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने २००२-०३ च्या सुमारास ठरविले की, प्रवाशाची ओळख यंत्राने पटवायची ती मुख्यतः चेहऱ्यावरून. यंत्र डोळे, नाक, ओठ, हनुवटी यांची परस्परांतील अंतरे मोजते. हसलो की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, आणि हिशेब चुकतो. आजींच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे.

आमच्या ओसरीवर पहिला फोटो बिघडला. भिंतीला निळा रंग, त्यावर आजींची सावली, आणि नातवाने मोबाइल अगदी तोंडाजवळ धरलेला. जवळून काढले की कॅमेऱ्याच्या सर्वांत पुढे असलेले नाक मोठे दिसते आणि कान मागे पळतात. भिंगाचा दोष नव्हे, अंतराचा. मग घरातल्या सुनेने सूत्रे हाती घेतली. दाराच्या समोर, जेथे उन्हाची तिरीप नाही पण उजेड भरपूर आहे, तेथे आजींना बसविले. पाठीमागे पांढरी चादर ताणून बांधली आणि पाट चादरीपासून दोन हात पुढे ओढला. सावली नाहीशी झाली. मोबाइल आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच-सहा फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने. चेहरा गोरा आणि तुळतुळीत करणारी सोय आधी बंद केली. सुरकुत्या जशा आहेत तशाच हव्यात. चष्मा काढला, कारण अमेरिकेच्या व्हिसाला तो नोव्हेंबर २०१६ पासून चालत नाही. पदर कपाळावरून मागे सारला. ओठ मिटलेले, डोळे उघडे, मान सरळ. फोटो चौकोनी, दोन इंच बाय दोन इंच; डोक्याची उंची एक इंचाहून कमी नाही. तान्ह्या मुलाचा काढायचा तर त्याला पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून वरून काढावा; आईचा हात त्यात येऊ देऊ नये.

फोटो उतरला. आजींनी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिला. ओसरीच्या भिंतीवर आजोबांची तसबीर आहे, चंदनाचा हार घातलेली. ती कशावरून केली हे मला तेव्हा कळले. आजोबांचा आयुष्यात एकच फोटो निघाला होता, कचेरीच्या कुठल्याशा कागदासाठी काढलेला, अंगठ्याएवढा. ते गेल्यावर तोच मोठा करून घेतला. त्यावरचा शिक्का डाव्या खांद्यावर अजून पुसट दिसतो.

"ह्याचीच एक मोठी कॉपी काढून ठेव," आजी म्हणाल्या. "पण अमेरिकेला हा धाडला की मला अजून एक काढायचा. पदर घेऊन. अन् हसून."

तो दुसरा फोटो सरकारच्या कोणत्याही नियमात बसत नाही. पण घरात सर्वांना तोच आवडतो.

वाचकहो, कितीतरी घरांत वडीलधाऱ्यांचा एकुलता एक चेहरा कुठल्यातरी ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. त्यात ते गंभीर आहेत, कारण तसा हुकूम होता. यंदाच्या दिवाळीत सारी मंडळी घरी जमतील. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असतोच. कामाचा फोटो शिस्तीने काढा. आणि नंतर पाच मिनिटे थांबून, आजीला हवा तसाही एक काढा.