रक्त पडलं म्हणजे काय झालं?

मित्रहो, मार्केट यार्डात बोलायला बोलावलंत, म्हणून खोकल्यावर बोलतो. मिरचीच्या धुरळ्यात तो तुमच्या ओळखीचाच. पण थुंकीत रक्त दिसलं की माणूस गप्प होतो. आमचे एक मामा हमाली करायचे. त्यांनी ते डाग दोन महिने उपरण्यात लपवले. कळलं तर काम जाईल, ही भीती.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, डॉक्टर नव्हे. मला रस आहे तो इथल्या कार्यकारणाच्या घोळात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतला नीमायरसारखा नामांकित डॉक्टर शिकवायचा, की छातीत रक्त सांडतं म्हणून क्षय होतो. म्हणजे उलटंच! रक्त ओकणाऱ्याची शीर कापून आणखी रक्त काढत. कवी कीट्स 1821 साली रोममध्ये वारला, त्याच्यावरही हेच उपचार झाले. 1868 साली डेन्मार्कच्या रासमुसेननं क्षयानं फुप्फुसात पडलेल्या पोकळीच्या भिंतीत फुगून फुटणारी रक्तवाहिनी दाखवली. 1882 मध्ये कॉखनं जंतू दाखवला. आता क्रम लागला: जंतू, पोकळी, मग रक्त.

पण औषध नव्हतं. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी याच पुण्यात क्षयानं गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 उजाडलं.

आपल्याकडचे नैयायिक म्हणतील, धुरावरून अग्नी ओळखता येतो, तसा रक्तावरून क्षय ओळखता येत नाही. हा हेतू सव्यभिचारी आहे. रुंदावलेल्या श्वासनलिका, कर्करोग, न्यूमोनिया, बऱ्या झालेल्या क्षयाच्या पोकळीत वाढलेली बुरशी, कशानंही रक्त पडतं. म्हणून थुंकी तपासायची, एक्स-रे काढायचा, लागला तर सीटी स्कॅन. थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

रक्त भळाभळा आलं तर माणूस बहुधा रक्त गेल्यानं नाही, गुदमरून मरतो. कोणत्या बाजूचं फुप्फुस वाहतंय हे ठाऊक असेल, तर त्याच कुशीवर झोपवायचं, म्हणजे दुसरं कोरडं राहतं. आणि लगेच मोठं हॉस्पिटल. 1970 नंतर फ्रान्समधल्या डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी घालून वाहणारी धमनी आतून बुजवायची युक्ती काढली. ती आता इथेही करतात. त्यानं रक्त थांबतं. रोग तसाच असतो, त्याचं औषध वेगळं चालू ठेवावं लागतं.

मामांचं रक्त मध्येच आपोआप थांबलं होतं. तेव्हा कुठे त्यांनी आईला सांगितलं, “गेलं गं एकदाचं.” एक्स-रे निघाला तो त्यानंतर वर्षानं.