आधी केले, मग पाहिले
महर्षी कर्वे यांचा परदेश अभ्यासदौरा आणि आपण

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासदौऱ्यात मला जपानला जाण्याची संधी मिळाली. तेथील मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, दुपारचे जेवण एकमेकांना वाढतात, हे पाहून मी भारावून गेले आणि वहीची पानेच्या पाने भरली. शेवटच्या दिवशी तिथल्या एका वयस्कर शिक्षिकेने दुभाष्यामार्फत विचारले, "आता तुमच्या शाळेविषयी सांगा. तुमची मुले कोणत्या भाषेत शिकतात?" मी अडखळले. हैदराबादेत, तेलुगू आणि उर्दूच्या शेजारात, मराठी माध्यमाची शाळा आम्ही का चालवतो, हे मला चार वाक्यांत नीट सांगता आले नाही. दुसऱ्याचे पाहण्याची सारी तयारी करून मी गेले होते. आपले सांगण्याची तयारी मात्र केली नव्हती.

ती रुखरुख मनात घेऊनच परतले. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पुन्हा वाचताना तिचे उत्तर सापडले. हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने ते आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

१९१५ साली कर्वे सत्तावन्न वर्षांचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. हिंगण्याचा अनाथ बालिकाश्रम आणि महिला विद्यालय ही त्यांची कार्ये रुजली होती. त्या सुमारास त्यांच्या हाती एक इंग्रजी पुस्तिका आली. टोकियो येथील जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी ती छोटी पुस्तिका होती. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना त्या पुस्तिकेतील विचाराने त्यांची पकड घेतली, आणि हिंदी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, अशी कल्पना त्यांनी परिषदेपुढे मांडली. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी ते विद्यापीठ सुरू झालेही!

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ज्या संस्थेवरून स्फूर्ती घेतली ती कर्व्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण त्या पुस्तिकेमागे एक अभ्यासदौरा होता. जपान महिला विद्यापीठाचे संस्थापक नारुसे जिन्झो १८९० साली अमेरिकेत गेले, तेथे राहून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा अभ्यास केला आणि मायदेशी परतून १९०१ साली ही संस्था उभारली. इकडे पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, तेथील बालोद्यान पद्धती शिकल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. त्या सदनात अगदी आरंभी दाखल झालेल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या घरात आणि कार्यात असे दोन अभ्यासदौऱ्यांचे संचित वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोहोचले होते.

मात्र जे आले ते त्यांनी जसेच्या तसे उचलले नाही. आपल्याकडच्या मुलींची लग्ने लवकर होत, शिकायला मिळणारी वर्षे थोडी असत, आणि परक्या भाषेशी झगडण्यातच त्यांतली बरीचशी खर्ची पडत. म्हणून त्यांनी उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यायचे ठरवले. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा ठेवला. आज हे वाचायला सोपे वाटते. १९१६ साली भारतातील विद्यापीठीय शिक्षण इंग्रजीतून चालत असताना हे मोठे धाडस होते. आपल्या हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेही त्यानंतर दोन वर्षांनी, १९१८ साली. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम दर्जाचे शिक्षण, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. सरकारी मान्यता नव्हती, पैसाही नव्हता. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, तेव्हा विद्यापीठाला आर्थिक आधार लाभला आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले.

या साऱ्यानंतर, मार्च १९२९ मध्ये, कर्वे परदेशी निघाले. वय सत्तर वर्षे पूर्ण. इंग्लंडात माल्व्हर्न येथे प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला ते उपस्थित राहिले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या सभेत भारतातील स्त्रीशिक्षणावर बोलले. जुलैअखेरीस जिनिव्हाच्या शैक्षणिक परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हिंदी प्रयोग मांडला. ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षण संघाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. माँटेसरी पद्धतीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही तिच्याच जोडीने तेथे झाली. तिथेही कर्वे होते. पुढे अमेरिकेत त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली, विद्यापीठासाठी निधी गोळा केला आणि परतीच्या वाटेवर ते टोकियोला पोहोचले.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी पुस्तिकेत वाचलेले ते विद्यापीठ कर्व्यांनी अखेर प्रत्यक्ष पाहिले. संस्थापक नारुसे १९१९ सालीच निवर्तले होते. तेथे पाऊल ठेवणारा पाहुणा नवशिका नव्हता. आपल्या गावी, आपल्या भाषेत, आपल्या ऐपतीत तीच कल्पना राबवून, तिच्यातल्या अडचणी सोसून तो आला होता. 'आधी केले, मग सांगितले' असे आपण म्हणतो. कर्व्यांनी आधी केले, मग जगाला सांगितले आणि सर्वांत शेवटी मूळ पाहिले. एप्रिल १९३० मध्ये ते परतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आफ्रिकेच्या दौऱ्यावर पुन्हा निघाले!

आता आपल्याकडे वळते. प्रवेशाच्या दिवसांत पालक मला विचारतात, "बाई, मराठी माध्यमात शिकून उद्या परदेशात मूल काय बोलणार?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या वर्गांतील बाकांची संख्या गेल्या काही वर्षांत कमी झाली आहे, ती याच काळजीपोटी. त्या काळजीला मला कर्व्यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. जिनिव्हात ते इंग्रजीतून बोलले. पण बोलण्याजोगे जे होते ते मराठीतून घडले होते. भाषा सांगण्यासाठी लागते हे खरे. परंतु सांगण्यासारखे काही जवळ असावे लागते, आणि ते बहुधा घरच्या भाषेतच तयार होते. म्हणून इंग्रजी आपण उत्तम शिकवू, त्यात कसूर करणार नाही. तिच्यासाठी मराठीची जागा मात्र रिकामी करणार नाही.

या वर्षापासून शाळेत एक लहानसा नेम सुरू केला आहे. अभ्यासदौऱ्याला, मग तो शेजारच्या जिल्ह्यात असो की परदेशात, जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने वहीची पहिली पाच पाने आपल्या शाळेविषयी लिहायची. पाहिलेल्या गोष्टींची नोंद सहाव्या पानापासून. पहिली वही मी माझीच लिहिली. त्या जपानी शिक्षिकेला जे सांगायचे राहिले होते, ते आता तिच्यात आहे.

देशोदेशी पसरलेल्या माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे. तिथे जे पाहिलेत ते आम्हाला जरूर कळवा. पण तिथल्या कुणी तुमच्या शाळेविषयी विचारले, तर अडखळू नका. साठ वर्षांची ही शाळा तुमच्या तोंडून ऐकायला जगालाही आवडेल.

— मुख्याध्यापिका