१०५ दिवस : एइनार बोलासनची गोष्ट

आजचा एपिसोड एका बास्केटबॉलवाल्याचा आहे. देश आइसलँड, तारीख २६ जानेवारी १९७६. राजधानी रेकयाविकमध्ये पोलिसांनी एइनार बोलासन नावाच्या ३२ वर्षांच्या माणसाला अटक केली. संशय कसला? खुनाचा.

आता हा एइनार कोण? तर तिथल्या बास्केटबॉलमधलं घराघरात माहीत असलेलं नाव. खेळाडू, कोच, आणि राष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं अध्यक्षपदही सांभाळलेला माणूस. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वादोन लाख. एवढ्याशा देशात असं नाव पेपरात आलं की संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी असतं.

थोडं मागे जाऊ. आइसलँडमध्ये बास्केटबॉल रुजला त्यात केफ्लाविकच्या अमेरिकन लष्करी तळाचा मोठा हात. १९५२ सालची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तीही विमानतळावरच्या टीमनेच. १९६१ मध्ये महासंघ स्थापन झाला. मग रेकयाविकच्या केआर क्लबचे दिवस आले. १९६५ ते १९६८, सलग चार वेळा चॅम्पियन! एइनार याच क्लबचा मोठा खेळाडू.

मग हा माणूस खुनाच्या केसमध्ये आला कुठून?

१९७४ मध्ये दोन माणसं बेपत्ता झाली. जानेवारीत हाफनारफ्योर्दुर गावातून १८ वर्षांचा गुडमुंडुर, आणि नोव्हेंबरात केफ्लाविकमधून ३२ वर्षांचा गेइरफिन्नुर. दोघांचं आडनाव एइनारसन, पण नातं काही नाही. तिकडे बहुतेकांच्या नावापुढे वडिलांचं किंवा आईचं नाव लागतं, त्यामुळे असं होतं. गेइरफिन्नुरला रात्री घरी फोन आला, तो गाडी घेऊन निघाला, आणि परत आलाच नाही. गाडी सापडली, तो नाही. दोघांचे मृतदेह आजतागायत मिळालेले नाहीत.

डिसेंबर १९७५ मध्ये पोलिसांनी पैशांच्या अफरातफरीत एका तरुण जोडप्याला पकडलं. त्यातली मुलगी एर्ला बोलादोत्तिर. वय २०, पदरात तीन महिन्यांचं बाळ. आता नाव नीट ऐका. बोलासन म्हणजे बोलीचा मुलगा, बोलादोत्तिर म्हणजे बोलीची मुलगी. ही एइनारची सावत्र बहीण! चौकशी अफरातफरीवरून बेपत्ता माणसांवर गेली, आणि कोठडीतल्या जबाबांमधून चार नावं बाहेर आली. त्यात एइनारचंही होतं.

पुरावा काय होता? मृतदेह नाही, हत्यार नाही. होते फक्त दमलेल्या, घाबरलेल्या तरुणांचे जबाब. आणि तेही सारखे बदलणारे.

तेवढ्यावर एइनारने १०५ दिवस एकांत कोठडीत काढले. ९ मे १९७६ ला तो सुटला. हे जबाब देणाऱ्यांना पुढे खोट्या आरोपांबद्दल शिक्षा झाली, आणि १९८३ मध्ये एइनार आणि बाकी तिघांना नुकसानभरपाई मिळाली. कागदावर विषय संपला.

पण गावात विषय असा संपतो का? आपल्याकडे म्हणतातच, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. हाच धूर माणसाला आयुष्यभर पुरतो. मला सगळ्यात भारी वाटतं ते यापुढचं.

एइनार लपला नाही. तो परत बास्केटबॉलमध्ये आला. ऐंशीच्या दशकात हाउकार क्लबचा कोच झाला, राष्ट्रीय संघाचाही कोच झाला. विचार करा, कोचिंग म्हणजे भरलेल्या हॉलमध्ये सगळ्यांच्या नजरेसमोर उभं राहणं. लोकांनी आपली मुलं, आपला देशाचा संघ याच माणसाच्या हाती दिला. १९८२ मध्ये त्याने इसहेस्तार ही आइसलँडिक घोड्यांवरून सहली नेणारी कंपनी उभी करण्यात पुढाकार घेतला. नंतर टीव्हीवर एनबीएच्या मॅचेसची कॉमेंट्री केली. ज्या देशाने त्याचं नाव खुनाच्या बातमीत वाचलं होतं, तोच देश त्याच्या आवाजात बास्केटबॉल बघू लागला.

आणि बाकीचे? गुडमुंडुर आणि गेइरफिन्नुरच्या केसमध्ये एर्ला धरून सहा तरुणांना १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने दोषी ठरवलं. एकाने तर ६०० पेक्षा जास्त दिवस एकांतात काढले होते. पुढे गिस्ली गुडयोनसन या मानसशास्त्रज्ञाने या कबुलीजबाबांचा अभ्यास केला. माणसाला दिवसेंदिवस एकटं ठेवून तेच तेच विचारत राहिलं, की तो स्वतःच्या आठवणीवरच शंका घ्यायला लागतो. न केलेली गोष्टही 'केली असेन' म्हणतो. २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सहापैकी पाच जणांना निर्दोष सोडलं. त्यातले दोघं तोवर वारले होते. एर्लाची खोट्या आरोपांबद्दलची शिक्षा मात्र तेव्हा रद्द झाली नाही.

आम्हा कोडिंगवाल्यांना एक सवय लावली जाते. बग कुठे आहे हे आधीच ठरवून लॉग वाचायचा नाही, नाहीतर हवं तेच दिसतं. त्या पोलिसांनी नेमकं तेच केलं. फरक इतकाच, की इथे लॉगमध्ये जिवंत माणसं होती.

एइनार १०५ दिवसांत सुटला, आणि त्याच्याकडे परत जायला एक खेळ होता. बाकीच्यांना वाट बघावी लागली ती चाळीस वर्षं. पुढच्या वेळी ग्रुपवर कुणाच्या अटकेची बातमी फॉरवर्ड कराल, तेव्हा हा आकडा आठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!