चुलीतून घडलेली काळी आई

‘काळी आई’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दख्खनची जोंधळ्या-कपाशीची जमीन उभी राहते. काळ्या कातळाची झीज होऊन ती निसर्गाने घडविली. परंतु माणसांच्या हातांनी, तीही घरोघरच्या चुलींतून, घडलेली एक काळी जमीन दूर ब्राझील देशात आहे. तिची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

अ‍ॅमेझॉन नदीच्या काठी, सांतारें शहराच्या पूर्वेस, तापेरिन्या नावाचा एक जुना मळा आहे. एकोणिसाव्या शतकात तो सांतारेंच्या बॅरनच्या मालकीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांचा पराभव झाल्यावर तिकडची काही कुटुंबे १८६७ च्या सुमारास ह्या भागात येऊन राहिली. त्यांपैकी रोम नावाचा गृहस्थ बॅरनचा भागीदार झाला. मळ्यात ऊस असे, आणि राबत ते गुलाम. ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली ती १८८८ साली.

त्या प्रदेशातील जमीन एरवी निकस. धो धो पावसाने तिच्यातील कस वाहून जातो. मग येथेच पुरुषभर उंचीहून अधिक ऊस कसा? हर्बर्ट स्मिथ ह्या प्रवाशाने १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या काळ्या मातीचे वर्णन केले. मातीत जागोजाग खापरे सापडत. तेव्हा हा कस म्हणजे पूर्वीच्या इंडियन वस्त्यांतील असंख्य स्वयंपाकघरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा केरकचरा होय, असा निष्कर्ष त्याने काढला.

तो खरा ठरला. विम सोम्ब्रुक ह्या डच मृद्‌शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जमिनींवर ग्रंथ लिहून ह्या मातीकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे २००१ साली जर्मन संशोधकांनी दाखविले की, भोवतालच्या मातीपेक्षा हिच्यात कोळशाचा अंश सत्तर पटींपर्यंत अधिक असतो. शिंगू नदीच्या उगमाकडील कुइकुरो लोक तर आजही राख, कोळसा व स्वयंपाकातील टाकाऊ भाग जाणूनबुजून जमिनीत घालून अशी माती तयार करतात, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

ह्यातील मर्म असे. काडीकचरा उघड्यावर भडकून जळाला की राख उरते; कोकणातील राबात आपण हेच पाहतो. तोच हवा कोंडून, धुमसत ठेवला की कोळसा होतो. कोळसा सहजासहजी कुजत नाही, शतकानुशतके टिकतो. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी व अन्नद्रव्ये धरून राहतात. हाडांतून स्फुरद व चुना मिळतो. ह्याच तत्त्वावर अलीकडे पिकांच्या टाकाऊ भागापासून जो कोळसा करतात, त्यास बायोचार म्हणतात.

मात्र कोळसा म्हणजे खत नव्हे. ताजा कोळसा तसाच जमिनीत घातला तर पिकाचे नत्र तो काही काळ स्वतःच धरून ठेवील. म्हणून तो शेणखतात वा कंपोस्टात मुरवून मगच घालावा. आणि त्यासाठी उभे झाड तोडू नये. तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, भाताचा तूस ह्यांवर काम भागते.

तापेरिन्याच्या उसाचा पैसा मालकांना मिळाला. माती ज्यांनी घडविली त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. ऊस ज्यांनी वाढविला ते गुलाम होते. चुलीपुढचे काम कोणाच्या हिशेबात येत नाही, हे आपणां गृहिणींना कोणी शिकवावयास नको. पण त्या हातांचा हिशेब मातीने मात्र ठेवला. मंडळाच्या वाढदिवशी परसातला पालापाचोळा पेटविण्याआधी एवढी आठवण राहिली, तरी पुष्कळ झाले.