ट्रॅक्टर : सुरक्षित चालन (धाराशिव जिल्हा)

धाराशिव जिल्ह्यात पेरणीपासून ढोकी-रांजणीच्या साखर कारखान्यांना ऊस पोहोचवण्यापर्यंतची सगळी कामे एकच ट्रॅक्टर करतो. तो संथ चालतो, म्हणून निर्धोक मानला जातो. हा समज टिकणारा नाही. ट्रॅक्टर उलटण्याची कारणे वेगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तोलात आणि जोडणीत शोधावी लागतात. काळ्या रानात मागची चाके रुतली असता क्लच झटक्यात सोडला, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टर पुढून उचलला जातो. ओझे ओढण्याची साखळी टॉपलिंकसारख्या (अवजाराच्या वरच्या जोडदांड्यासारख्या) उंच जागी बांधलेली असेल, तर तो क्षणार्धात चालकावर पालथा होतो. म्हणून ओढायचे ओझे खालच्या ड्रॉबारलाच (ओढदांड्यालाच) बांधावे.

मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक असतात. बांधाकडेला वळताना ते उपयोगी पडतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेली नसतील, तर एकच चाक अडून ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. तुळजापूरच्या घाटात भरलेली ट्रॉली मागून रेटते, तेव्हा न्यूट्रलवर उतरणारा चालक इंजिनाचा आधारही गमावतो. चढाला जो गिअर लागेल, तोच उतारालाही ठेवावा.

‘हात बसला की काही होत नाही’ हा जुन्या चालकांचा आक्षेप अर्धा खरा आहे. सरावाने धोका आधी ओळखता येतो, पण उलटू लागलेला ट्रॅक्टर माणसाला सावरायला वेळ देत नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली, त्यानंतर उलटून होणारे मृत्यू तेथे पुष्कळ घटले. चौकट आंब्याच्या फांद्यांना अडते, ही तक्रार रास्त आहे. तिच्यावर दुमडती चौकट हा उपाय आहे. चौकट असेल तरच आसनाचा पट्टा बांधावा, नसेल तर बांधू नये.

इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. पदर किंवा धोतराचा सोगा गुंतल्यावर सोडवता येत नाही, म्हणून त्यावरचे आवरण काढू नये.

परावर्तक : ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असावेत आणि ते पुसून स्वच्छ ठेवावेत.

मजूर वाहतूक : ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात मजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळून ७ जणी मृत्युमुखी पडल्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रॅक्टर हे स्वतः ओझे वाहण्यासाठी बांधलेले वाहन नव्हे. म्हणून त्यावर माणसे बसवू नयेत; मडगार्ड ही बसण्याची जागा नाही.