भाकर संपल्यावर

आजीला जाऊन आता काही महिने झाले. ब्याण्णव पूर्ण झाली होती. तसा आजार काही नव्हता. रात्री प्रार्थना करून झोपली, ती सकाळी उठलीच नाही. पाळक म्हणाले, "प्रभूत निजल्या." आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत असंच म्हणतात (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, पण आजीसाठी ते शेवटपर्यंत नगरच होतं).

दफनविधीला शेजारपाजारची खूप माणसं आली होती. परत येताना एक ओळखीचे गृहस्थ सहज म्हणाले, "तुमच्या आजी फार चांगल्या हो. पण तुमचे लोक मूळचे कोण? दुष्काळात बाटले असतील ना?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही "हो, तसंच काहीसं" म्हणून विषय संपवला. आणि मग रात्रभर झोप आली नाही. कारण हा प्रश्न मला नवा नव्हता.

पाचवी-सहावीत असताना वर्गातल्या एका मुलीनं भांडणात मला सुनावलं होतं, "तुम्ही भाकरीसाठी देव बदलला." मी रडत घरी आले. आजी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मला वाटलं, ती म्हणेल, "खोटं आहे ते, लक्ष देऊ नकोस." ती म्हणाली, "खरंय. माझी आई भाकरीसाठीच गेली." तव्यावरची भाकरी उलटली आणि मग म्हणाली, "पण भाकर संपल्यावरही राहिली. त्याचं काय, ते विचार तुझ्या मैत्रिणीला."

मी काही विचारलं नाही. पण आजीचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. ते नीट समजून घ्यायचं तर पणजीपासून सुरुवात करायला हवी.

पणजी मूळची गुजरातेतली. कुठल्या गावची, कुठल्या जातीची, कुणालाच ठाऊक नाही, कारण तिलाच ते आठवत नव्हतं. गुजराती पूर्ण विसरली होती. एकच शब्द तिच्या तोंडी राहिला होता, 'छप्पनियो'. विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. गुजरात आणि राजपुतान्यात त्या वर्षी माणसं आणि गुरं रस्त्याकडेला मरून पडत होती. पणजी तेव्हा सात-आठ वर्षांची असावी. तिला केडगावला आणलं ते पंडिता रमाबाईंच्या माणसांनी.

रमाबाईंबद्दल आपण शाळेत चार ओळी वाचतो : संस्कृत पंडिता, विधवांसाठी काम, पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यांनी स्वतः भूक पाहिली होती, हे त्या चार ओळींत येत नाही. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण एकामागून एक गेले. तेव्हा रमाबाई जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा आरोप होऊन १८९३ साली मोठा गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. तेव्हा 'भाकरीसाठी देव' हा वाद माझ्या वर्गातल्या मुलीनं काढलेला नव्हता. तो पणजी जन्मल्यापासून चालू होता!

पुढे पुण्याजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १८९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. १९०० साली गुजरातेतल्या मुली आल्या, तेव्हा मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या आसपास पोचली होती. हे लपूनछपून चालत नव्हतं. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. अन्न मिळे, अक्षर मिळे आणि प्रार्थनाही असे.

आता मी आजीच्या वाक्याकडे शंकेनं पाहते. 'भाकर संपल्यावरही राहिली' हे ऐकायला फार छान वाटतं. पण ती जाणार कुठे होती? आईबाप मेलेले, गाव आठवत नाही, भाषा गेलेली. आठ वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं नसणार, तुला कुठला देव हवा. त्याच १९०० साली लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा झाला. रेव्हरंड टिळक १८९५ सालीच ख्रिस्ती झाले होते. लक्ष्मीबाई पाच वर्षं भांडल्या, रडल्या, दूर राहिल्या आणि मग स्वतःच्या बुद्धीनं आल्या. ते सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. माझ्या पणजीसारख्या शेकडो मुलींनी काहीच लिहून ठेवलं नाही. त्यांचा विश्वास खरा होता की सवयीचा, हे आता कसं ठरवणार?

मला वाटतं, पहिल्या दिवसावरून ते ठरवूच नये. त्यानंतरची वर्षं पाहावीत.

पणजी मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. आधीची भाषांतरं त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटत. साध्या बाईला, नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलीला कळेल असं पुस्तक त्यांना हवं होतं. ते जुळवायचं, छापायचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. १९२२ साली रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ साली. तोवर पणजीचं लग्न होऊन ती नगर जिल्ह्यात आली होती. पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते बायबल तिनं केडगावहून मागवून घेतलं. आजी सांगायची, "आईला उलटी अक्षरं सुलट्याइतकीच भरभर वाचता यायची." खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं ना! माझी आजी १९३२ सालची, सर्वांत धाकटी. ती याच बायबलवर अक्षरं शिकली.

म्हणजे आमच्या या बाजूच्या घराण्यात मराठी आणि ख्रिस्त एकाच दारानं आत आले. आम्हाला कुणी 'परके' म्हटलं की आजीला राग येत नसे, आश्चर्य वाटे. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. संध्याकाळी 'उपासना संगीत' न उघडताच ती म्हणत बसायची आणि शेजारच्या काकूंना बरीच वर्षं वाटत होतं की ते अभंगच आहेत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

१९७२ चा दुष्काळ. आजी तेव्हा चाळिशीची, गावात प्राथमिक शिक्षिका. रेशनवर लाल मिलो मिळायचा. बाया-माणसं कामावर खडी फोडायला जायची. आमच्या छोट्याशा मंदिराच्या आवारात दुपारी पोरांना सुकडी वाटली जायची. गावातल्या सगळ्यांच्या पोरांना. वाटपावर आजी होती. एके दिवशी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं, की वाटपाआधी पोरांना एखादं गीत शिकवावं, दोन शब्द प्रभूबद्दल सांगावेत. त्यात वावगं काय? देणारा कोण, हे त्यांना कळायला नको का?

आजी म्हणाली, "आधी खाऊ द्या. उपाशी पोराला गाणं म्हणायला लावू नका. ते हो म्हणेल. कशालाही हो म्हणेल."

ते गृहस्थ रागावले. "मग बाई, तुमची आई कशी आली?" असं सगळ्यांसमोर विचारलं. आजीनं हातातलं माप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "म्हणूनच सांगतेय."

गाणं झालं नाही. सुकडी वाटली गेली. हा प्रसंग मला आजीनं सांगितलेला नाही, ती असलं स्वतःबद्दल कधी बोलत नसे. थोरल्या मामांनी सांगितला, दफनाच्या दुसऱ्या दिवशी. ते तेव्हा बारा वर्षांचे होते आणि रांगेत उभे होते.

आजीनं आपल्या आईची गोष्ट झाकली नाही आणि तिची लाजही बाळगली नाही. त्या दुपारी तिनं ती गोष्ट रांगेतल्या परक्या पोरांसाठी वापरली. रोज पहाटे उठून गुडघ्यांवर बसणारी, रविवार न चुकवणारी बाई होती ती. तिला आपला देव कुणाला सांगायचा नव्हता असं नाही, शब्बाथशाळेत तिनं आयुष्यभर शिकवलं. पण भुकेचा फायदा घेऊन सांगायचा नव्हता. मी स्वतः हल्ली नाताळ-ईस्टरलाच चर्चमध्ये जाते. तरी विश्वास म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मला ते माप हातात धरलेली आजी आठवते.

त्या गृहस्थांना आता उत्तर देता येईल. हो, दुष्काळातच. आणि पुढचं ऐकायला वेळ असेल तर बसा, चहा टाकते.

राहता राहिलं बायबल. शवपेटीत तिच्याजवळ ठेवावं, असं काहींचं म्हणणं होतं. मामांनी ठेवू दिलं नाही. सध्या ते माझ्याकडे आहे. पुठ्ठा निघालाय, स्तोत्रसंहितेची पानं बोटांनी काळवंडली आहेत. घरच्यांपैकी ज्याला हवं असेल त्यानं न्यावं. पण वाचायला. कपाटात ठेवायला मिळणार नाही.